लढणाऱ्या युक्रेनला रणगाडे-तोफा द्यायच्या की नाही?

पंचगंगाकाठ :

युक्रेनला मित्रदेशांनी रणगाडे, लांब पल्ल्याच्या तोफा, लढाऊ विमानं द्यावीत की नकोत, हा वाद आपल्याकडं अधूनमधून निघतो आणि दोन ओळींच्या फॉरवर्डवर विझतो. नीट बोलता यावं म्हणून धागा काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. द्यावीत. वेळेवर द्यावीत आणि पुरेशी द्यावीत. आज थोडं, सहा महिन्यांनी आणखी थोडं, हे मला न देण्याइतकंच वाईट वाटतं.

कोल्हापूरकरांचा यात काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध वळिवड्याचा आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ते गेल्यावर फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं तिथं वसली, तेच आजचं गांधीनगर. महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं आदरांजली वाहिली. हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण ती माणसं इथवर का आली, हे सांगायचं राहून जातं.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून. ब्रिटन आणि फ्रान्सशी पोलंडचे करार होते. ३ सप्टेंबरला दोघांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलंही. प्रत्यक्षात फ्रेंच सैन्य जर्मनीच्या सार भागात थोडं आत शिरून माघारी फिरलं आणि ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर पत्रकं टाकली. पाच आठवड्यांत पोलंडचा प्रतिकार मोडला. १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलली गेली, आणि त्यातलीच काही पुढं इराणमार्गे आपल्याकडं पोचली. आपण त्यांना आसरा दिला. पण त्यांना आसऱ्याची वेळ येण्याआधी तोफा हव्या होत्या, आणि ज्यांनी शब्द दिला होता त्यांनी त्या दिल्या नाहीत.

आता युक्रेन. १९९४ मध्ये बुडापेस्टला सह्या झाल्या. युक्रेननं आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडायची, आणि अमेरिका, ब्रिटन, रशिया या तिघांनी त्याच्या सीमांचा मान राखायचा. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. २४ फेब्रुवारी २०२२ ला पूर्ण आक्रमण झालं. त्याच्या महिनाभर आधी जर्मनीनं काय देऊ केलं होतं? पाच हजार हेल्मेटं. हायमार्स रॉकेट जून २०२२ मध्ये पोचली, लेपर्ड रणगाड्यांचा निर्णय जानेवारी २०२३ मध्ये झाला, एफ-१६ विमानं २०२४ च्या उन्हाळ्यात आली. दर वेळी महिनोन्महिने एकच घोर, की हे दिलं तर रशिया भडकेल. मग तेच द्यायचं, आणि तोवर समोरच्यानं खंदक खणून, सुरुंग पेरून ठेवलेले असायचे.

तुमचं काय म्हणणं?

रंकाळ्याची_वारी :

मी विरोधात आहे आणि मनापासून आहे. तोफ दिली की ती वाजणार, आणि दोन्हीकडची विशीतली पोरं मरणार. २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन इराकवर चालून गेले तेव्हा इराकला कुणी रणगाडे दिले नाहीत. १९८६ पासून अफगाण मुजाहिदीनांना स्टिंगर क्षेपणास्त्रं वाटली. सोव्हिएत सैन्य गेलं खरं, पण नंतर उरलेली स्टिंगर परत विकत घ्यायला अमेरिकेलाच पैसे मोजावे लागले, आणि त्या देशातून उठलेली आग आपल्या काश्मीरपर्यंत आली. मार्च २०२२ मध्ये इस्तंबूलला रशिया-युक्रेन बोलणी चालू होती. एकीकडं बोलणी आणि दुसरीकडं शस्त्रांचा ओघ, असं असलं तर कुणाला तडजोड करावीशी वाटेल? शस्त्रं थांबवा, युद्ध थांबेल.

पंचगंगाकाठ :

इराकवरचं आक्रमण चूकच होतं, त्यात वाद नाही. पण इराकवर अन्याय झाला म्हणून युक्रेनच्या माणसाचा स्वतःचं घर राखण्याचा हक्क कमी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ५१ वं कलम स्वसंरक्षणाचा हक्क देतं आणि त्यात इतरांनी मदतीला येणंही बसतं.

इस्तंबूलची बोलणी चालू असतानाच कीवभोवतालचं रशियन सैन्य मागं गेलं आणि बुचाच्या रस्त्यांवर प्रेतं सापडली. त्यानंतर कीवमध्ये कुणाला कागदावरच्या सहीचा भरवसा वाटला असता?

आणि "शस्त्रं थांबवा, युद्ध थांबेल" हा प्रयोग झालेला आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेनं सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. कागदावर ती सगळ्यांना सारखी होती. पण बोस्नियातल्या सर्ब फौजांकडं जुन्या युगोस्लाव्ह लष्कराच्या तोफा आणि रणगाडे होतेच, समोरच्यांकडं जवळपास काही नव्हतं. बंदीनं तो फरक तसाच गोठवला. सारायेव्होला तीन वर्षांहून जास्त वेढा पडला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा, जे संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं होतं, तिथं आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. युद्ध थांबलं नव्हतं, फक्त एका बाजूचे लोक फार जास्त मरत होते.

गडहिंग्लजचा_फौजी :

पायदळात होतो, म्हणून जमिनीवरचं सांगतो. रणगाडा म्हणजे एक गाडी नव्हे. त्याच्यामागं डिझेलचा टँकर, दारूगोळ्याची ट्रक, बिघडलेला रणगाडा ओढून आणणारं वाहन, सुटे भाग, कारागीर आणि शिकलेला क्रू, एवढा लवाजमा चालतो. त्यात मित्रदेशांनी दिलेली खिचडी बघा. ब्रिटनच्या चॅलेंजर-२ ची नळी १२० मिलिमीटरची, जर्मनीच्या लेपर्ड-२ चीही १२०. पण चॅलेंजरची आतून पेचदार, लेपर्डची गुळगुळीत. एकाचा गोळा दुसऱ्याला चालत नाही. अमेरिकेच्या अब्रॅम्सचं इंजिन टर्बाइनचं, त्याची देखभाल आणखी वेगळी.

आता आकडे. ब्रिटननं १४ चॅलेंजर जाहीर केले, जर्मनीनं पहिल्या खेपेला १४ लेपर्ड, अमेरिकेनं ३१ अब्रॅम्स. आपल्या लष्करात एका रेजिमेंटला साधारण ४५ रणगाडे असतात. म्हणजे तीन मोठ्या देशांच्या त्या गाजलेल्या घोषणा मिळून सव्वा रेजिमेंट, आणि आघाडी हजार किलोमीटरची. जून २०२३ मध्ये दक्षिण युक्रेनमधल्या झापोरिझियात लेपर्ड पुढं ढकलले तेव्हा समोर सुरुंगांचे जाड पट्टे आणि डोक्यावर स्वतःचं विमान नाही. कुठलाही कमांडर आपल्या जवानांना असं पाठवायला धजणार नाही.

त्यामुळं माझा प्रश्न "द्यावं का" हा नाही. देणाऱ्याला कळतंय का, की लढाईला अख्खी जुळणी लागते? आधी हवाई संरक्षण, मग तोफा आणि त्यांना पुरेल एवढा गोळा, सुरुंग काढायची यंत्रं, आणि मग रणगाडा. फोटोत उलटं दिसतं, रणगाडा पहिला.

उद्यमनगर_फौंड्री :

फौजीदादा, एकदम बरोबर. आमच्या धंद्यातलं सांगतो. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात एका दमात गेला पाहिजे. मध्येच लाडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, थांबली तर आधी ओतलेला रस थंड पडतो आणि वरून ओतलेला त्याला धरत नाही. कास्टिंगवर रेघ उमटते, कोल्ड शट म्हणतात त्याला. माल रिजेक्ट. लोखंड तेवढंच वितळवलं, वीज तेवढीच जळली, मजुरीही गेली.

२०२३ च्या शेवटापासून एप्रिल २०२४ पर्यंत अमेरिकेच्या संसदेत सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत अडकून पडली. त्याच दरम्यान, फेब्रुवारीत, पूर्व युक्रेनमधलं अव्दिव्का शहर रशियाच्या हाती पडलं. तोफा होत्या, गोळे नव्हते. युरोपीय संघानं मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे देतो म्हणून सांगितलेलं, मुदतीत निम्म्याच्या आसपास पोचले. मंजूर झालेली मदत शेवटी आलीच ना? मग तीच चार-पाच महिने आधी का नाही?

आणि हे युद्ध लांब कुठंतरी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. रशिया आणि युक्रेन दोघंही पिग आयर्नचे, म्हणजे आमच्या भट्टीत लागणाऱ्या कच्च्या लोखंडाचे, मोठे निर्यातदार. २०२२ च्या सुरुवातीला पिग आयर्न, कोक, स्क्रॅप सगळ्याचे भाव असे उसळले की शिरोली आणि गोकुळ शिरगावात जुन्या दरानं घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या करताना जीव मेटाकुटीला आला.

लक्ष्मीपुरी_किराणा :

तेलाचंही तेच. आपल्याकडं येणारं सूर्यफूल तेल युद्धाआधी बहुतांश युक्रेनचं होतं. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये गिऱ्हाईक डबा हातात घेऊन भाव विचारायचं आणि परत ठेवायचं.

जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या मध्यस्थीनं काळ्या समुद्रातून धान्य सोडायचा करार झाला, वर्षभरानं रशिया त्यातून बाहेर पडला. तरी ओडेसाहून जहाजं निघत राहिली, याचं कारण रशियाच्या आरमाराला मागं सरावं लागलं होतं. मॉस्क्वा ही युद्धनौका एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या स्वतःच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी बुडाली. पुढं सागरी ड्रोन आले, ब्रिटन-फ्रान्सनं दिलेली लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आली, आणि क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदरातली बरीच जहाजं रशियाला पूर्वेकडं नेऊन लपवावी लागली. "शस्त्रांनी फक्त मरण येतं" असं म्हणणाऱ्यांनी हाही हिशोब बघावा. समुद्र मोकळा झाला तो त्या शस्त्रांमुळं.

भोगावती_खोरे :

सगळे एकाच दिशेनं चाललाय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आपण भारतीय आहोत हे विसरून कसं चालेल? १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियननं आपल्याशी मैत्रीचा करार केला, डिसेंबरात सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला, आणि अमेरिकेनं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडं धाडलं. आपले टी-७२, टी-९०, सुखोई, एस-४०० कुणाचे आहेत? २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं, ३५ तटस्थ राहिले, त्यात आपण होतो आणि तेच शहाणपणाचं होतं.

आणि अणुबॉम्बचं काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं आपली लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं रशियाच्या आत डागायची परवानगी दिली, आणि काही दिवसांत रशियानं युक्रेनच्या द्निप्रो शहरावर ओरेश्निक हे नवं क्षेपणास्त्र टाकून दाखवलं. त्यावर अण्वस्त्र बसू शकतं. आतापर्यंत काही झालं नाही म्हणून पुढंही होणार नाही, यावर माझी लेकरंबाळं मी पणाला लावणार नाही.

गंगावेस_तालीम :

भोगावतीच्या दादांचं अणुबॉम्बचं म्हणणं हलक्यात घेऊ नका रे. त्याला कुणी नीट उत्तर द्या.

पंचगंगाकाठ :

देतो. भीती खरी आहे आणि ती मलाही वाटते. पण ज्याच्याकडं अणुबॉम्ब आहे त्यानं धमकी दिली की शेजाऱ्यानं जमीन सोडायची, हा नियम एकदा रूढ झाला तर प्रत्येक लहान देश पहिल्यांदा काय करेल? स्वतःचा बॉम्ब बनवायला घेईल. युक्रेननं तर तो सोडून दिला होता. त्याला वाऱ्यावर सोडलं तर पुन्हा कुठला देश बुडापेस्टसारख्या कागदावर सही करेल? माझ्या हिशोबात न देण्यातला अणुधोका देण्यातल्या धोक्यापेक्षा मोठा आहे, फक्त तो उशिरा येतो म्हणून डोळ्यांसमोर दिसत नाही.

मर्यादा असाव्यात, हेही मान्य. देणाऱ्यानं स्वतःचं सैन्य उतरवू नये, आणि काय देणार ते एकदाच ठरवून उघड सांगावं.

१९७१ चं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रं कुणी दिली? आपणच दिली ना? ती दिली नसती तर पूर्व बंगालच्या माणसानं आणखी किती सोसायचं होतं? आणि रशियाचंही ऐका. जून १९४१ मध्ये हिटलर त्यांच्यावर चालून गेला तेव्हा अमेरिकेनं लेंड-लीज या युद्धसाहित्य पुरवण्याच्या योजनेखाली चार लाखांवर ट्रक आणि जीप, हजारो रणगाडे, हजारो विमानं पाठवली. ब्रिटिश रणगाडे त्याच हिवाळ्यात मॉस्कोच्या लढाईत होते. आक्रमण झालेल्या देशाला अवजड शस्त्रं द्यायची रीत सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगी पडली असेल, तर ती रशियाच्याच.

भोगावती_खोरे :

लेंड-लीजच्या वेळी हिटलरकडं अणुबॉम्ब नव्हता. तुमचं बाकीचं मान्य केलं तरी हा फरक राहतो. आणि मुक्तिवाहिनीला आपण शस्त्रं दिली ती शेजारी म्हणून. एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या अंगावर आले होते. युक्रेनचे निर्वासित पोलंड आणि जर्मनीत गेले, तर शस्त्रंही त्यांनीच द्यावीत. आपण कुणाला सल्ला देऊ नये.

इतिहासाच्या_बाई :

वळिवड्याचा विषय निघालाच आहे तर पुढचा भागही यायला हवा, कारण तो पंचगंगाकाठ यांच्या मांडणीत सहज बसत नाही.

वळिवड्यात राहिलेल्या कित्येक बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात होते. ब्रिटिशांनी या सैन्याला तोफा, रणगाडे, गणवेश सगळं दिलं. इटलीत मोंते कासिनोचा डोंगर घेताना त्यांचे शेकडो जवान पडले आणि १८ मे १९४४ ला त्यांनी तो घेतला. त्याच इटलीत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही लढत होत्या. म्हणजे शस्त्रं मिळाली, ती पुरेशी होती, पराक्रमही झाला. आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले तेव्हा पूर्व पोलंड स्टालिनकडं गेला. ज्यांच्यासाठी ते लढले ती घरंच सीमेपलीकडं गेली. छावणी मोडली तेव्हा यातले अनेक जण पोलंडला परतलेच नाहीत, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेले. जायला गाव उरलं नव्हतं. त्यातली काही गावं, ल्विव्हच्या आसपासची, आज युक्रेनमध्ये आहेत.

मी शस्त्रं द्यावीत याच मताची आहे. पण शस्त्रं देणाऱ्याला आधी विचारा, की तहाच्या टेबलावर ज्याला शस्त्रं दिली तो बसणार आहे की नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं मदत आठवडाभर रोखली आणि जेद्दाहच्या बैठकीनंतर पुन्हा सुरू केली, तेव्हा मला याल्टाच आठवलं. ज्याच्या हातात पुरवठा, त्याच्या हातात तह.

उद्यमनगर_फौंड्री :

बाई, हे मला माहीतच नव्हतं. कासिनोचं ऐकलेलं, वळिवड्याशी जोडून कुणी सांगितलं नव्हतं.

रंकाळ्याची_वारी :

बाईंनी माझ्याच मनातलं सांगितलं. शस्त्रं देणारा शेवटी आपलंच बघतो. मग फौंड्रीवाल्यांना सरळ विचारते, उद्या तोफगोळ्याच्या कवचाची ऑर्डर शिरोलीत आली तर घेणार?

उद्यमनगर_फौंड्री :

ताई, १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचं कवच ओतत नाहीत, पोलादाचं फोर्जिंग करून घडवतात, म्हणून माझ्या भट्टीचं ते काम नाही. पण तुमचा प्रश्न टाळत नाही. घेईन. भारत गोळा विकताना खरेदीदाराकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र घेतो, तो कुठं जाणार हे लिहून घेतो. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय गोळे युरोपमार्गे युक्रेनला पोचल्याची बातमी आली आणि परराष्ट्र मंत्रालयानं ती फेटाळली, म्हणजे हा विषय दिल्लीतही नाजूक आहे. जे सरकारच्या परवानगीत बसेल ते करीन आणि मुलाला सांगताना मान खाली घालणार नाही.

खार्किव_रिटर्न :

सगळं वाचलं. मी खार्किवला एमबीबीएस करत होते. १ मार्च २०२२ ला हावेरी जिल्ह्यातला आपला एक विद्यार्थी तिथं माऱ्यात गेला, तो खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी दूतावासानं सांगितलं की खार्किव ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा. तोवर आम्ही तळघरात आणि मेट्रोच्या फलाटावर झोपत होतो. आम्हाला सरकारनं आणलं. आमचे शिक्षक आणि मेसमध्ये जेवण करणाऱ्या मावशी तिथंच राहिल्या.

शहर रशियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर. सीमेपलीकडून एस-३०० हे रशियन क्षेपणास्त्र सुटलं की मिनिटभरात येतं, पुष्कळदा भोंगा नंतर वाजतो. मे २०२४ मध्ये एका छापखान्यावर आणि लगेच बांधकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानावर मारा झाला. गिऱ्हाइकं होती आत. महिन्याच्या शेवटी अमेरिकेनं परवानगी दिली, की खार्किवच्या बाजूला सीमेपलीकडं मारा करणाऱ्यांवर आमची शस्त्रं वापरा. त्यानंतर एस-३०० चा मारा बराच कमी झाल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं. अडली होती ती फक्त परवानगी, शस्त्रं आधीपासून तिथं पडून होती.

रंकाळ्याची_वारी :

बाळ, तुझं वाचून पोटात तुटलं. विमान, क्षेपणास्त्र पाडणारी यंत्रणा द्यायला माझा विरोध नाही, पॅट्रियट हवी तेवढी द्या. दुसऱ्याच्या मुलखात जाऊन पडणारं शस्त्र मला नको आहे. तिथंही कुणाचं तरी घर आहे.

खार्किव_रिटर्न :

काकू, पॅट्रियटचं एकेक क्षेपणास्त्र काही दशलक्ष डॉलरचं असतं आणि ती वर्षाला मोजकीच बनतात. समोरून रोज रात्री इराणी बनावटीच्या नमुन्यावरचे ड्रोन झुंडीनं येतात. शिवाय रशियन विमान आता शहरावर येतच नाही. ते आपल्या हद्दीतून पंख लावलेला बॉम्ब सोडतं, तो तरंगत पन्नास-साठ किलोमीटर येतो. तो बॉम्ब हवेत पाडणं फार अवघड. विमान धावपट्टीवर उभं असताना गाठावं लागतं, आणि ती धावपट्टी रशियात आहे. घरांवर नको, हे मलाही मान्य. धावपट्टीवर, दारूगोळ्याच्या कोठारावर, लाँचरवर. तेवढंही नाही म्हणालात तर मावशींनी रात्री कुठं झोपायचं ते सांगा.

रंकाळ्याची_वारी :

धावपट्टीचं मी मनात घेतलं नव्हतं. त्यावर विचार करते. अणुबॉम्बवालं भोगावतीचं म्हणणं मात्र माझं अजून कायम आहे.

गडहिंग्लजचा_फौजी :

धावपट्टी आणि कोठार ही लष्करी लक्ष्यं, त्यात शंका नाही. भोगावतीदादा, तुमच्याशी मात्र अजून बोलायचंय. एस-४०० ची खेप या युद्धामुळंच लांबली, मग एकाच देशावर अवलंबून राहायचं का, ते सांगा.